उन्हाचा उतार कशाने झाकावा?

देशावरील बहुतेक सर्व्हे नंबरांत एखादा तुकडा असा असतो की, त्याकडे मालकाचे लक्ष पेरणीच्या वेळी जात नाही व काढणीच्या वेळीही जात नाही. टेकडीच्या पायथ्याची मुरमाड कड, ओढ्याकडे उतरणारा काठ, दोन तालींमधील उघडी बाजू, शेततळ्याच्या भरावाची पाठ, असे त्याचे नाना प्रकार आहेत. सात-बाराच्या उताऱ्यावर तो पुष्कळदा पोटखराबा म्हणून दाखल असतो. त्यावर आकार बसत नाही. आणि ज्यावर आकार नाही त्याची काळजी मालकही करीत नाही. परंतु खालच्या चांगल्या जमिनीत दरसाल जो मुरूम व खडा उतरतो तो या तुकड्यावरून, आणि वरच्या जमिनीची जी माती ओढ्याला मिळते तीही याच वाटेने. सबब हा तुकडा झाकला गेला पाहिजे, आणि तो कशाने झाकावा याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार सालिना ५०० ते ७५० मिलिमीटर पावसाच्या, मुरमाड अगर हलक्या जमिनीच्या प्रदेशापुरता आहे. कोकणातील जांभ्याचे उतार व तेथील पाऊस यांचा विषय निराळा होय.

जमिनीची खरी किंमत तिच्या खोलीत आहे, ही गोष्ट महसुली दप्तरात फार पूर्वीच मान्य झालेली आहे. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी जमिनीच्या नव्या पाहणीस आरंभ केला आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात प्रतबंदीचे नियम घालून दिले. त्या नियमांप्रमाणे पावणेदोन हात खोलीच्या उत्तम जमिनीस सोळा आणे प्रत मिळे, आणि खोली पाव पाव हाताने कमी होईल तसतशी प्रत एकेक पायरीने उतरे. पाव हात खोलीच्या तशाच जमिनीस साडेचार आणेच मिळत. याखेरीज जमिनीचे सात दोष सांगितलेले होते व त्यांत उतार हा एक होता. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली जाई. म्हणजे जमिनीस उतार असणे आणि तिच्यात पाव हात माती कमी असणे, या दोन्ही गोष्टी त्या पाहणीत सारख्याच तोट्याच्या धरल्या गेल्या. आज प्रतबंदीकडे कोणी पाहत नाही, तथापि तिच्यातील हिशेब खोटा ठरलेला नाही. एक एकर क्षेत्रावरून एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तर तो चार घनमीटर, म्हणजे वजनाने सुमारे पाच टन भरतो. एक मिलिमीटर डोळ्यांस दिसत नाही. तीच माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोणी भरून नेऊ लागला तर मात्र आपण काठी घेऊन धावू.

उन्हाच्या उताराची प्रकृती

सगळे उतार सारखे नसतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर पावसाळा संपल्यावरही ओल टिकते व तेथे गवत आपोआप धरते. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील उताराची गोष्ट वेगळी आहे. दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेस कलतो, तो संक्रांत होऊन गेली तरी पुष्कळ दिवस दक्षिणेसच असतो. या काळात त्याचे किरण दक्षिण उतारावर अधिक सरळ पडतात. पश्चिमेकडील उतारास दुपारनंतरचे ऊन मिळते, आणि त्या वेळी जमीन व हवा दोन्ही आधीच तापलेली असतात. यामुळे नैर्ऋत्येकडे तोंड असलेला उतार सर्वांत आधी वाळतो. ऑक्टोबरच्या उन्हात इतरत्र गवत हिरवे असता येथे ते पिवळे पडलेले दिसते.

आणखी एक अडचण अशी की, आपला पावसाळी वाराही नैर्ऋत्येकडूनच येतो. जो उतार सर्वांत कोरडा व उघडा, त्याच्याच तोंडावर पावसाची सर सरळ आदळते. थेंबाच्या माऱ्याने माती सुटी होते, बारीक कण पृष्ठभागावर बसून पापुद्रा धरतो, पाणी मुरणे थांबते व धावू लागते. धावणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचे झिजवण्याचे बळ चौपट होते. या सर्व क्रियेत पहिला दुवा थेंबाचा मारा हा आहे. तो मारा पानावर, काडीवर अगर वाळलेल्या गवतावर झेलला गेला, तर पुढचा सारा अनर्थ पुष्कळसा टळतो.

निवडीची कसोटी

येथे बहुतेकांची फसगत होते ती श्रावणाच्या हिरवेपणामुळे. श्रावणात कोणताही उतार हिरवाच दिसतो. पण माती सर्वांत अधिक जाते ती श्रावणात नव्हे, तर वळवाच्या व मृगाच्या पहिल्या सरींत. वळीव थोड्या वेळात फार जोराने पडतो, आणि त्या वेळी वर्षायू वनस्पतींचे बी अजून जमिनीतच असते. म्हणून ज्येष्ठात जमिनीवर जे आच्छादन असते ते गेल्या वर्षीच्या बहुवर्षायू गवताचेच. त्याची वाळलेली काडी, त्याचे बुडखे व त्याच्या जिवंत मुळ्या. याकरिता उतारासाठी वनस्पती निवडताना ती वैशाखात कशी असते, हा प्रश्न पहिला विचारावा. वैशाखात जेथे नुसता मुरूम उघडा पडतो, तेथील श्रावणातील शोभेचा जमिनीस फारसा उपयोग नाही.

दुसरी कसोटी मुळांची. काही वनस्पती खोल जाऊन जमीन धरतात व काही वरच्या थरात जाळे विणून माती बांधतात. ही दोन कामे निराळी आहेत आणि एकच वनस्पती दोन्ही कामे पुरी करीलच असे नाही. तिसरी कसोटी स्वभावाची. वनस्पती लावल्या जागी राहते की शेजारच्या पिकात शिरते, हे आधी पाहावे. चौथी कसोटी उपयोगाची. चारा, दोर, पालाखत किंवा शेंग, यांपैकी घरास काहीच मिळत नसेल तर त्या झाडाची राखण दुसऱ्या वर्षापासून कोणी करीत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

धरणाऱ्या वनस्पती

जमीन धरणाऱ्यांत पहिला मान वाळ्यास द्यावा लागेल. वाळा म्हणजे ज्याच्या सुवासिक मुळ्यांचे पडदे व पंखे करतात तेच गवत होय. याची मुळे बाजूस फारशी न पसरता सरळ खाली जातात व दोन-तीन वर्षांत तीन मीटरपर्यंतही पोहोचू शकतात. ठोंब जवळजवळ लावले म्हणजे त्यांची दाट भिंत तयार होते. तीतून पाणी गाळून संथपणे खाली उतरते आणि गाळ मागे साचून काही वर्षांत आपोआप पायरी बनते. १९५० नंतरच्या दशकात फिजी बेटांत उसाच्या उतारांवर या गवताचा पद्धतशीर उपयोग करण्यात आला, आणि १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी त्याचा पुरस्कार आपल्या देशात केला. परंतु ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नव्हती. कर्नाटकात म्हैसूरच्या दक्षिणेस गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी आपल्या शेतांच्या हद्दीवर शंभराहून अधिक वर्षे वाळ्याच्या ओळी राखीत आले आहेत.

हद्दीचा हा उपयोग विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. बांध झिजला की हद्दीचे दगड उघडे पडतात, कलतात व शेवटी गडगडत खाली जातात. मग मोजणीचे अर्ज, पंचनामे व भावाभावांतील अबोला, ही सर्व परंपरा चालू होते. महसूल खात्याच्या नोकरीत या प्रकारची प्रकरणे किती पाहिली याची गणती नाही. वाळा लावल्या जागेवरून हलत नाही, पिकात शिरत नाही, आणि जून झालेली त्याची पाती जनावरे सहसा खात नाहीत. तेव्हा सामाईक बांधावर दोन्ही बाजूंच्या संमतीने त्याची ओळ लावली, तर मातीबरोबर हद्दही जागेवर राहील. दोन सूचना मात्र आवश्यक आहेत. वाळ्याची जात बी न धरणारी, ठोंबांनीच वाढणारी निवडावी. दक्षिणेकडील लागवडीचा वाळा बहुधा तसा असतो. आणि उतारावरील वाळ्याच्या मुळ्या विक्रीसाठी कधीही खणू नयेत. मुळ्या विकावयाच्या असतील तर त्यांची लागवड सपाट जागी निराळी करावी.

घायपात, ज्याला काही भागांत केकताड म्हणतात, तेही बांधावर सर्वत्र दिसते. ते अमेरिकेतून आलेले असून उन्हास जराही भीत नाही, त्याचा दोर चांगला होतो आणि कुंपण म्हणून ते उत्तम आहे. परंतु दोन झाडांमधील जमीन उघडीच राहते व पाणी तेथूनच वाट काढते. म्हणून ते कुंपणास योजावे. त्यावर आच्छादनाची भिस्त ठेवू नये.

तरवड हे आपल्या मुरमाड माळाचे स्वतःचे झुडूप होय. पिवळ्या फुलांचे हे झाड शेळीसुद्धा सहसा तोंडात घेत नाही, त्यामुळे राखणीचा त्रास कमी. याची साल पूर्वी कातडी कमावण्याकडे मोठ्या प्रमाणात जात असे व पाला खतास उपयोगी पडतो. बी जागेवरच टोकावे. वाळ्याच्या ओळीच्या वरच्या अंगाला मधून मधून तरवड असल्यास वाऱ्याचा व उन्हाचा जोर मोडतो. मात्र त्याची गर्दी करू नये, कारण दाट सावलीत गवत विरळ होते.

झाकणाऱ्या वनस्पती

ओळींच्या मधली जमीन झाकण्याचे काम गवतांचे आहे. मुरमाड उतारावर शेडा व पवन्या ही आपली जुनी गवते आहेत. डोंगरउतारावरील चांगल्या कुरणांची ओळख त्यांच्यावरूनच पटते. जेथे माती थोडी खोल व काळसर आहे तेथे मारवेल लावावे. हे चाऱ्याला अतिशय गोड असून ठोंबांपासून व पेरांपासून लागते; मारवेल-८ ही त्याची निवडलेली जात शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. जेथे पाऊस फारच थोडा व जमीन रेताड अगर मुरमाड आहे तेथे अंजन गवत घ्यावे. याचे बी ताजे असता नीट उगवत नाही, गेल्या हंगामाचे ठेवलेले बी अधिक चांगले उगवते. म्हणून यंदा जमा केलेले बी पुढील वर्षी पेरण्याचा रिवाज ठेवावा.

कुसळी गवत लावावे लागत नाही, ते आपणहून येते. त्याचा राग करण्याचे कारण नाही, कारण तेही बहुवर्षायू असून जमीन धरते. फक्त ते फुलावर येण्यापूर्वी कापले पाहिजे. कुसळे धरल्यावर ती मेंढ्यांच्या लोकरीत व कातड्यात घुसतात आणि गवताचा चारा म्हणून उपयोग राहत नाही. चांगली गवते धरू लागली व आग बंद झाली म्हणजे कुसळीचे प्रमाण हळूहळू घटते.

हरळीविषयी मत देताना सावध राहावे लागते. माती विणून धरण्यात तिची बरोबरी करणारे गवत क्वचितच आढळेल. पाण्याच्या सांडीवर, तलावाच्या भरावावर, गावठाणाच्या उतारावर ती अवश्य असावी. परंतु काळ्या रानात हरळी व कुंदा यांनी शेतकऱ्यास किती पिढ्या छळले आहे हे सर्वश्रुत आहे. ज्या उताराच्या पायथ्याशी पिकाचे शेत लागून आहे तेथे हरळी लावणे म्हणजे आपल्या हाताने तण पेरणे होय.

गवताच्या जोडीस शेंगवर्गातील वनस्पती पाहिजे, म्हणजे हलक्या मुरमाला नत्र मिळते व चारा कसदार होतो. यासाठी स्टायलो, विशेषतः हेमाटा म्हणून ओळखली जाणारी जात, आपल्या हवेत चांगली येते. ती मूळची कॅरिबियन बेटांकडील असून उन्हास काटक आहे, तिचे बी आपोआप गळून पुढील वर्षी रोपे येतात. बियांचे कवच कठीण असते. म्हणून कढत, पण उकळते नव्हे अशा पाण्यात बी तीन-चार मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावे व रात्रभर भिजू द्यावे.

हुलगा व मटकी ही दोन पिके वर्षायू असल्याने वरील पहिल्या कसोटीस उतरत नाहीत. तरीही पहिल्या वर्षी त्यांचा मोठा उपयोग आहे. बहुवर्षायू गवत पहिल्या पावसाळ्यात लहान असते. त्या अवधीत हुलग्याचे वेल जमीन झाकतात. एवढेच सांभाळावे की, काढणीच्या वेळी हुलगा उपटू नये, विळ्याने कापावा. उपटल्याने जी माती बांधली गेली ती पुन्हा मोकळी होते आणि मुळांवरील गाठींतील नत्रही जमिनीच्या उपयोगी पडत नाही.

काही वनस्पती हिरव्या दिसतात म्हणून त्यांना उतारावर राहू देण्याची प्रवृत्ती आढळते. घाणेरी, अर्थात टणटणी, दाट वाढते. परंतु तिच्याखाली गवत उरत नाही व तिचा पाला गुरांस विषारी आहे. गाजरगवत प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले आणि आता कोणताही माळ त्यापासून मुक्त नाही. ते वर्षायू आहे, गवताला मारते व माघात स्वतः मरून जमीन उघडी टाकते. या दोहोंस फुलण्यापूर्वी मुळासकट काढावे आणि त्याच खड्ड्यात गवताचा ठोंब लावावा, म्हणजे जागा रिकामी राहणार नाही. शहरातील रोपवाटिकांत जमिनीवर पसरणारी शोभेची जी रोपे मिळतात, त्यांपैकी पुष्कळांस उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. विहिरीचे पाणी पिकालाच पुरत नाही तेथे त्यांचा विचार नको.

आखणी व लावणी

लावणीपेक्षा आखणी महत्त्वाची. ओळ उताराला आडवी आणि समपातळीत असली पाहिजे. अंदाजाने घेतलेली ओळ एका टोकास खाली जाते, पाणी त्या टोकाकडे गोळा होते आणि तेथे घळ पडते. समपातळी पाहण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून, शेंड्यापासून ओळंबा सोडावा. सपाट जागी दोन्ही पाय आळीपाळीने बदलून आडव्या काठीचा मध्य खुणेने निश्चित करावा. मग उतारावर एक पाय स्थिर ठेवून, ओळंबा खुणेवर येईल तेथे दुसरा पाय टेकवावा व खुंटी मारावी. याप्रमाणे पुढे जात गेल्यास समपातळीची रेषा मिळते. गवंड्याची पाण्याची नळी असल्यास काम आणखी लवकर होते.

दोन ओळींत उंचीचा फरक एक मीटर धरावा. उतार शंभरास दहा असेल तर या हिशेबाने ओळी दहा मीटरवर येतील, शंभरास वीस असेल तर पाच मीटरवर. भरावाची पाठ फार उभी असेल तर उंचीचा फरक अर्धा मीटरच ठेवावा. आखणी वैशाखातच पुरी करून ठेवावी.

उतार नांगरू नये, ही गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. ओळीपुरती वीतभर रुंद व अर्धी वीत खोल चारी कुदळीने काढावी, तीत थोडे शेणखत मिसळावे आणि बाकीची जमीन जशी आहे तशीच राहू द्यावी. आर्द्रा व पुनर्वसू या नक्षत्रांत, दोन चांगले पाऊस होऊन ओल खाली पोहोचल्यावर, वाळ्याचे ठोंब लावावेत. एका जागी दोन-तीन फुटवे, मुळे चार बोटे व पाती वीतभर राखून छाटलेली, आणि दोन ठोंबांत १५ सेंटिमीटर अंतर, असे प्रमाण ठेवावे. शंभर मीटर ओळीस सुमारे ७०० ठोंब लागतात. हा आकडा मोठा वाटेल. परंतु ठोंब विकत आणण्याऐवजी विहिरीच्या थारोळ्याजवळ एक वाफा आदल्या वर्षी लावून ठेवला, तर खर्च जवळजवळ मजुरीचाच राहतो. अंतर वाढवून ठोंब वाचविणे हा काटकसरीचा भास आहे, कारण ओळीतील प्रत्येक फट पाण्याची वाट बनते. याच कारणास्तव पुष्य व आश्लेषा नक्षत्रांत ओळी पुन्हा फिरून पाहाव्या व मेलेल्या ठोंबांच्या जागी नांग्या भराव्या.

मधल्या पट्ट्यांत उताराला आडव्या उथळ रेघा ओढून गवताचे बी ओलसर मातीत कालवून टाकावे व वरून हलकीशी माती सारावी. गवताचे बी खोल गेल्यास उगवत नाही. अंजनाचे बी हेक्टरी ५ ते ६ किलो पुरते. मारवेलचे ठोंब असतील तर ते हात-हात अंतरावर एकाआड एक लावावेत. हुलगा याच वेळी विरळ टोकावा. जेथे मुरूम अगदी उघडा आहे तेथे उसाचे पाचट अगर तुरीच्या काड्या आडव्या पसरून दगडांनी दाबून ठेवाव्या. त्यांच्या आडोशास बी धरते.

राखण

यानंतरचे दोन उन्हाळे ही खरी परीक्षा होय. नव्या गवताची मुळे खोल जाण्यापूर्वी शेळ्यामेंढ्या सुटल्या, तर आतापर्यंतचा सर्व खर्च वाया जातो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी गावी १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि पुढे हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचकीत जे काम झाले, त्यात चर व बांध यांच्याबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांना प्रमुख स्थान होते. गुरांना चारा नाकारावयाचा नाही. तो विळ्याने कापून गोठ्यात न्यावयाचा, एवढाच फरक. या व्यवस्थेत चारा घटत नाही, उलट काही वर्षांत वाढतो, हे त्या गावांनी प्रत्यक्ष दाखविले आहे.

पहिल्या वर्षी बी पिकून गळाल्यावरच, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास गवत कापावे. पुढील वर्षांपासून शेडा व मारवेल फुलावर येताच कापण्यास हरकत नाही, परंतु उताराचा तिसरा हिस्सा दरवर्षी आळीपाळीने बियांसाठी राखून ठेवावा. कापताना बुडखा चार-पाच बोटे राहिला पाहिजे. वळवाचा पहिला मारा झेलणारे ते बुडखेच असल्याने, जमिनीलगत कापणारा मजूर पेंढ्या अधिक देतो खरा, पण माती घालवितो. वाळ्याची ओळ पावसाळ्याच्या आरंभी हातभर उंचीवर छाटावी, म्हणजे फुटवे दाट येतात. छाटलेली पाती तेथेच ओळींमध्ये पसरावी.

आगीविषयी एक समजूत फार जुनी आहे. माळ पेटविला की पुढे गवत जोमाने येते, असे पुष्कळजण मानतात. जाळलेल्या जागी पहिला कोंब लवकर व हिरवागार दिसतो हे खरे. तथापि वारंवार आग लागल्याने चांगली गवते व स्टायलो मागे पडून कुसळी माजते, आणि वळवाच्या वेळी जमीन राखेखाली नागडी असते. म्हणून होळीपूर्वी उताराच्या चारी बाजूंनी तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून साफ ठेवावा. उतारावर या पट्ट्यातील गवत कापावयाचे आहे, खरवडावयाचे नाही.

अलीकडे उतार झाकण्याऐवजी तो यंत्राने तोडून सपाट करण्याकडे ओढा वाढला आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जमीन महसुलाच्या नियमांत दुरुस्ती करून, वर्ग अ पोटखराब्यातील जे क्षेत्र शेतकऱ्याने लागवडीस आणले असेल ते लागवडयोग्य म्हणून नोंदविण्याची सोय केली. ही सोय न्याय्य आहे, कारण मेहनतीने सुधारलेली जमीन कागदावर खराब राहणे योग्य नव्हते. परंतु तिचा अर्थ प्रत्येक उतार फोडावा असा होत नाही. टेकडीची कड फोडून काढलेल्या सपाटीत पाण्याच्या निकासाची वाट न ठेवल्यास दोन-तीन पावसाळ्यांत बांध फुटतो व खालच्या शेजाऱ्याच्या शेतात दगडगोटे येऊन पडतात. मग त्या शेजाऱ्याचा अर्ज तहसील कचेरीत येतो; त्याची माती मात्र कोणत्याही हुकुमाने परत येत नाही. आपला उतार हा आपल्या एकट्याचा नसून त्याच्या खाली राहणाऱ्या सर्वांचा आहे, हे यंत्र बोलावण्यापूर्वी मनात आणावे.

सारांश, धरणारी वनस्पती ओळीने, झाकणारी वनस्पती मधल्या पट्ट्यांत आणि पहिल्या वर्षापुरते हुलग्याचे पांघरूण, अशी ही तिहेरी योजना आहे. सगळा उतार एकाच वर्षी घेण्याचा आग्रह धरू नये. वरच्या अंगाकडून आरंभ करून दरसाल दोन-दोन ओळी केल्या व तेवढ्या नीट राखल्या, तर चार-पाच वर्षांत काम पुरे होते आणि ठोंबही घरचेच मिळतात. ज्यांच्या नंबरात असा उतार आहे त्यांनी येत्या वैशाखात एकदा तेथे दुपारी जाऊन उभे राहावे, पायाखाली किती जमीन उघडी आहे ती पाहावी व त्याच फेरीत पहिल्या ओळीच्या खुंट्या मारून यावे.